रेडिएटरचा पंखा का फिरत नाही?

लिक्विड कूल्ड मोटरसायकल हायवेवर पळत असते तेव्हा रेडिएटरला पंख्याची फारशी गरज नसते. समोरून येणारा वारा पुरतो. म्हणून पंखा बंद पडल्याचं कळतं ते सिग्नलवर, तापमानाचा काटा चढू लागला की. बहुतेक गाड्यांत पंखा साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होतो. तेव्हा थंड इंजिन दोन मिनिटं चालवून तो बिघडला असं ठरवू नका.

आधी फ्यूज पाहा. मग इंजिन गार असताना, चावी काढून, पाती बोटाने फिरवा. चिखल वाळून ती जॅम झाली असतील तर अडकलेली मोटर जास्त करंट ओढते आणि फ्यूज उडवते. नुसता फ्यूज बदलला तर तोही जातो. पाती मोकळी असतील तर मोटरचा कनेक्टर सोडवून तिला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट द्या. फिरली, तर मोटर ठीक; दोष रिले, वायरिंग किंवा सेन्सरमध्ये शोधायचा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर तो आधी साफ करा.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं. कूलंट कमी झालं की सेन्सरभोवती हवा राहते, त्याला खरं तापमान कळतच नाही, आणि इंजिन तापूनही पंखा गप्प राहतो. त्यामुळे पातळी जरूर बघा, पण गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली तापलेलं कूलंट असतं. दाब सुटताच ते उकळून अंगावर उडतं.