मोठ्याच्या रश्यातल्या चिकोल्या

नोकरीच्या पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मला विचारले होते, "सर, डब्यात काय?" मी म्हणालो, "बटाट्याची भाजी." डबा उघडलाच नाही. त्यात मायने पहाटे उठून केलेल्या चिकोल्या होत्या, हेल्याच्या मटणाच्या रश्यातल्या. त्या दिवशी मी उपाशी राहिलो, याचे दुःख नाही. पाठ्यपुस्तकातली समता शिकवणारा मी स्वतःच्या आईच्या हातचे अन्न नाकारून बसलो, याचे आहे. म्हणून ते अन्न कसे करतात आणि तसेच का करतात, ते आज सविस्तर सांगतो.

आधी नावाचा खुलासा. कणकेचे तुकडे उकळत्या वरणात शिजवले की त्यांना आपल्या विदर्भात कोणी चिकोल्या म्हणते, कोणी वरणफळं. इटलीचा पास्ता आज यवतमाळच्या दुकानांतही पाकिटात मिळतो. तोही गव्हाचाच, पाण्यात उकळलेला. त्यासाठी जो कठीण दाण्याचा गहू लागतो, त्याच जातीचा बन्सी गहू आपल्याकडे पूर्वापार पिकत आला आहे. काडीभोवती कणीक गुंडाळून वाफवलेले सरगुंडे आपण आमरसाबरोबर खातो, तेही याच कुळातले. तेव्हा हा पदार्थ परका नाही आणि हलकाही नाही.

आता कृती. सहा माणसांना पुरेल एवढे प्रमाण सांगतो. अर्धा किलो मटण, शक्यतो पायाकडचे, हाडासकट आणि थोडी चरबी असलेले. एक वाटी तुरीची डाळ, दोन वाट्या कणीक. तीन कांदे, पंधरा लसूणपाकळ्या, बोटभर आले, दोन चमचे तिखट, हळद, भाजलेले धने, मीठ. तेल एक पळी पुरे. रश्याला बाकीचा तवंग मटणाच्या चरबीनेच येतो.

मटणाचे तुकडे बारीक करावेत. कांदा तेलावर लाल करून त्यात वाटलेले आले-लसूण, हळद, तिखट आणि धने परतावेत, मटण घालून त्याचे सुटलेले पाणी आटू द्यावे. मग सहा-सात वाट्या गरम पाणी. कुकर असेल तर पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास. चुलीवर दोन तास तरी. इथे घाई उपयोगाची नाही. राबणाऱ्या जनावराच्या पायाचे मांस चिवट असते, कारण त्यात स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू फार असतात. मंद आचेवर बराच वेळ शिजले की ते तंतू विरघळतात आणि रस्सा दाट, किंचित चिकट होतो. जो भाग महागड्या ताटात जात नाही, तोच या पदार्थाला चव देतो.

मटण बोटाने तुटू लागले की धुतलेली डाळ घालावी. सुरुवातीलाच घातली तर ती बुडाशी लागते. चिंच किंवा टमाटे डाळ शिजल्यावरच घालावे. आंबटात डाळ लवकर शिजत नाही. तोवर कणकेत मीठ, ओवा, चमचाभर तेल घालून ती घट्ट मळावी, पोळीपेक्षा किंचित जाड लाटावी आणि सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत. रस्सा खळखळ उकळत असतानाच ते एकेक करून सोडावेत. उकळी मोडली तर कणीक विरघळते, तुकडे एकमेकांना चिकटतात. माय बजावायची, "उकयी मोडू देऊ नोको, नाहीतं लगदा होईन लेका." बारा मिनिटांत चिकोल्या शिजतात, त्यांच्या पिठाने रस्सा आणखी दाटतो. वरून सांबार पेरावा.

काटकसर कुठे आहे, ते पाहा. अर्धा किलो मटण नुसते वाढले तर तिघांना पुरेल. डाळ आणि कणीक घातली की सहा जण पोटभर जेवतात. शिवाय हे मटण बकऱ्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळते. आमच्या आजीच्या काळात गहू सणासुदीचा, ज्वारी रोजची. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, तुकडे उकळीत फुटतात. म्हणून तेव्हा रश्यात ज्वारीच्या कण्याच शिजत. आणि ताजे मटण नसेल तेव्हा मीठ लावून दोरीवर वाळवलेल्या चान्या होत्या. त्या कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, डाळीबरोबर शिजवल्या की पावसाळ्याचे दिवस निघत.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला आपल्यातलाच: बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितले ना? 1927 साली महाडला बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस, कारण ते गावाने लादलेल्या कामाचा मोबदला म्हणून पदरात पडत होते. लाचारीने उचललेले आणि कष्टाच्या पैशाने विकत घेतलेले, यांत फरक आहे. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षणाचा अस्पृश्यतेच्या उगमाशी असलेला संबंध तपासला, तो आपल्याला लाज वाटावी म्हणून नव्हे. ज्याला मांस खायचे नाही त्याने जरूर खाऊ नये. पण तो निर्णय त्याचा असावा, शेजाऱ्याच्या भीतीचा नसावा.

दुसरा प्रश्न कायद्याचा. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. 1995 साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेरचे असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हैस आणि हेला या सरसकट बंदीत नाहीत. प्रमाणपत्र घेऊन त्यांची कत्तल करता येते. म्हणून मी वर हेल्याचेच मटण सांगितले आहे, आणि ते परवानाधारक दुकानातूनच घ्यावे. पण कायदा कागदावर असतो आणि धास्ती रस्त्यावर. पिशवीत काय आहे हे विचारणारा माणूस प्रमाणपत्र वाचायला थांबत नाही. कापसाच्या या जिल्ह्यात म्हातारा बैल विकणे कोरडवाहू शेतकऱ्यालाही अवघड झाले, हेही विसरता कामा नये.

शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या मांग-महारांचे स्वयंपाकघर ग्रंथात आणले. त्याआधी 2009 मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती नोंदवल्या. विदर्भातल्या मायांच्या हातची चव मात्र अजून फारशी कागदावर आलेली नाही. ते काम आपल्या विद्यार्थ्यांचे आहे. मागच्या वर्षी मी वर्गात 'आमच्या घरचा स्वयंपाक' हा निबंध दिला होता. साठातल्या बहुतेकांनी वरण, भात, पोळी असेच लिहिले. मी कोणालाही खोटे म्हटले नाही. ते मी त्यांच्याआधी बोललो होतो.

या वर्षी निबंध देण्याआधी मी माझाच डबा वर्गात उघडणार आहे.