दिवा लावला की नेट सुधारतं

व्हिडिओ मीटिंगला काय काय लागतं, असं कुणी विचारलं तर यादी एका ओळीत संपते: कॅमेरा, माइक, इअरफोन, पडदा आणि नेट. बहुतेकांच्या खिशातल्या फोनमध्ये हे सगळं आधीच असतं. पण एक हिशोब मांडून बघा. मीटिंगमधलं बऱ्यापैकी स्वच्छ चित्र म्हणजे आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके, एकूण सव्वानऊ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट, आणि अशी चित्रं सेकंदाला ३०. गुणाकार सेकंदाला ६६ कोटी बिटांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात तुमच्या घरातून बाहेर पडतात ते सेकंदाला जेमतेम बारा-पंधरा लाख. म्हणजे चेहऱ्याचे चार-पाचशे भाग केले तर एकच भाग पलीकडे पोचतो. तरीही पलीकडून आत्या म्हणतेच, "अगं, किती वाळलीस!"

बाकीचा चेहरा जातो कुठे?

पहिली काटछाट कॅमेऱ्यातच होते, आणि ती ऐकली की आपल्या फोटोंवरचा विश्वास थोडा डळमळतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या बारीक कप्प्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून प्रत्येक कप्प्यावर एका रंगाची गाळणी बसवतात: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. हिरव्याला झुकतं माप, कारण उजेडातला बारीकसारीक फरक आपल्या डोळ्याला हिरव्यात सगळ्यात चांगला कळतो. आता एका कप्प्याला तीनपैकी एकच रंग मिळाला, तर उरलेले दोन कुठून आणायचे? शेजारच्या कप्प्यांकडे बघून, अंदाजपंचे दाहोदरसे. पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्याचा दोन-तृतीयांश रंग असा अदमासाने भरलेला असतो. आणि तो अदमास इतका नेमका असतो की कुणाला शंकाही येत नाही.

खरी कापाकापी यानंतर. तिच्या मुळाशी आहे नासिर अहमद यांचं गणित. ते मूळचे बंगळूरचे, पुढे अमेरिकेत कॅन्सस राज्यात प्राध्यापक झाले. १९७२ च्या सुमाराला त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. कल्पना फारच साधी आहे, असं एका परीक्षकाला वाटलं. मग त्यांनी ते काम पैशाविना केलं आणि १९७४ साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर ते छापलं. आज जगातले बहुतेक डिजिटल फोटो आणि व्हिडिओ त्या साध्या कल्पनेवर किंवा तिच्या भावंडांवर चालतात.

कल्पना अशी. आमटीची चव कुणाला कळवायची तर एकेक थेंब पाठवावा लागत नाही. मीठ किती, गूळ किती, आमसुलं किती एवढं सांगितलं की भागतं, आणि हिंग कणभरच असेल तर त्याचा उल्लेख गाळला तरी खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, पुष्कळदा आठ बाय आठ ठिपक्यांचे. प्रत्येक चौकोनात ठरावीक नमुने, म्हणजे सपाट रंग, रुंद पट्टे, बारीक पट्टे वगैरे, किती किती प्रमाणात मिसळलेत तेवढेच आकडे काढायचे. डोळ्याला न जाणवणारे बारीक नमुने टाकून द्यायचे. नेट रडायला लागलं की बोलणाऱ्याच्या गालावर चौकटी-चौकटी उमटतात ना? ते हेच चौकोन, त्यांच्याकडे पुरेसे आकडे न पोचल्यामुळे उघडे पडलेले.

याच्या जोडीला दुसरी युक्ती: आधीच्या चित्रात आणि आताच्यात जेवढा फरक पडला तेवढाच पाठवायचा. मागची भिंत हलत नाही, तर ती पुन्हा कशाला पाठवा? हलतात ते ओठ, पापण्या, हात. डोक्यावरचा पंखा चौकटीत येत असेल तर तोही, आणि तो अखंड खर्च करवतो. वाऱ्यावर उडणारा पडदासुद्धा.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. खोलीत उजेड कमी असला की कॅमेरा मिळालेला किरकोळ संकेत ताणून मोठा करतो, आणि त्याबरोबर गचाळपणाही मोठा होतो. चित्रावर मुंग्या येतात, जुन्या टीव्हीवर यायच्या तशा. या मुंग्या दर चित्रात जागा बदलतात, म्हणजे न हललेली भिंतसुद्धा यंत्राच्या लेखी सेकंदाला तीस वेळा हलते. फरक पाठवायची युक्ती इथे आडवी होते. मुंग्या पाठवण्यात बिट संपतात आणि चेहऱ्याच्या वाट्याला उरतं ते पुसट काहीतरी. समोर एक दिवा लावा, किंवा खिडकीकडे तोंड करून बसा (पाठ नको, नाहीतर नुसती काळी आकृती दिसेल). मुंग्या गेल्या की त्याच नेटवर चेहरा उजळतो. माझ्या मते व्हिडिओ मीटिंगचं सगळ्यात दुर्लक्षित उपकरण टेबलावरचा दिवा हेच आहे. महागडा कॅमेरा त्याच्या बराच नंतर.

कापाकापीचं हे गणित हाताशी नव्हतं तेव्हा काय व्हायचं, तेही बघण्यासारखं आहे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने 'पिक्चरफोन' मांडला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टनमध्ये त्याच्या सार्वजनिक केबिन उघडल्या. तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर. लोकांनी कुतूहलाने पाहिलं आणि पाठ फिरवली.

चित्राचं इतकं कौतुक केलं, पण मीटिंग चालते ती आवाजावर. चित्र गेलं तर लोक बोलत राहतात. आवाज गेला की "ऐकू येतंय का?" एवढंच शिल्लक राहतं. आणि गंमत अशी की सेकंदाला तीस-चाळीस हजार बिट मिळाले तरी आवाज सुरेख पोचतो, चित्राच्या तुलनेत चिल्लर. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते माइक असलेल्या इअरफोनवर घाला.

इअरफोनच्या वायरवरचा तो टिकलीएवढा माइक १९६२ सालच्या एका शोधावर उभा राहिला. बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यात विजेचा भार असा कोंडला की तो वर्षानुवर्षं निघून जात नाही. त्यामुळे माइकचं यंत्र लहान आणि स्वस्त झालं. फोनमधल्या आजच्या माइकमध्ये त्या पापुद्र्याची जागा सिलिकॉनच्या पडद्याने घेतली आहे. आपण बोललो की तो मीटरच्या अब्जांशात मोजावा इतका हलतो. तेवढ्या हालचालीत 'ळ' आणि 'ल' यांतला फरक असतो, आईचा सर्दीने बसलेला आवाजही असतो.

इअरफोन नसेल तर? मग तुमच्या स्पीकरमधून आलेलं पलीकडच्याचं बोलणं तुमच्या माइकमध्ये शिरणार आणि त्याचं त्यालाच परत ऐकू जाणार. पण तसं होत नाही, कारण मध्ये एक अदृश्य कारकून बसलेला आहे. स्पीकरला कोणता आवाज दिला ते त्याला माहीत असतं. तो आवाज भिंतीवर, कपाटावर, पडद्यावर आपटून माइकपाशी कसा येईल याचा तो अंदाज बांधतो, तेवढा वजा करतो, काय उरलं ते ऐकतो आणि अंदाज सुधारतो. हे अखंड चालू. लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत नेला की नवी खोली पुन्हा शिकायची. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत मन मोहन सोंधी हे नाव ठळक आहे. दिल्ली आणि बंगळूरला शिकलेले सोंधी बेल प्रयोगशाळेत होते, आणि स्वतःला सुधारत जाणाऱ्या या प्रतिध्वनीनाशकावरचा त्यांचा लेख १९६७ चा. तेव्हा प्रश्न होता लांब पल्ल्याच्या टेलिफोनमध्ये येणाऱ्या प्रतिध्वनीचा. एकाच खोलीत दोघांनी आपापल्या लॅपटॉपवरून तीच मीटिंग लावली की कानठळ्या बसवणारी शिट्टी का वाजते, तेही आता कळेल. एका कारकुनाला दुसऱ्याच्या स्पीकरची खबरच नसते.

राहिलं नेट. वायफायपेक्षा राउटरला वायर जोडली तर बरं, कारण वेगापेक्षा घात होतो तो कमी-जास्त होणाऱ्या उशिराने. पण एक उशीर कुठलीही वायर काढू शकत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे एका दिशेला किमान साठ मिलिसेकंद. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्री केबली सरळ रेषेत जात नाहीत, आणि वर कापाकापीचा, जुळवाजुळवीचा वेळ. माणसं बोलताना एकमेकांत सोडतात ती फट सरासरी दोनशे मिलिसेकंदांची. उशीर त्या फटीएवढा झाला की दोघं एकदम सुरू होतात, एकदम थांबतात, आणि "बोला, बोला", "नाही, तुम्ही बोला" चालू होतं.

साक्ष द्यायला तेवढं चालतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, साक्षीदार न्यूयॉर्कला आणि न्यायालय मुंबईला असताना, २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरची उपस्थिती ही उपस्थितीच, असं मान्य केलं. ताल मात्र हा उशीर मान्य करत नाही. गणपतीत न्यू जर्सीचे आणि पुण्याचे नातेवाईक व्हिडिओवर एकत्र आरती म्हणू पाहतात तेव्हा पुणं न्यू जर्सीसाठी थांबतं, न्यू जर्सी पुण्यासाठी, आणि लय प्रत्येक कडव्याला खाली घसरत जाते. शिवाय माणसाचा आवाज सोडून बाकीचा गोंगाट काढून टाकायला शिकवलेलं सॉफ्टवेअर झांजा आणि घंटेला कचरा समजून गिळतं. त्यावर उपाय आहे. सेटिंगमध्ये गोंगाट काढायची सोय बंद करा, फोन झांजांपासून हातभर लांब ठेवा, आरती एकाच घराने म्हणावी आणि बाकीच्यांनी म्यूट करून आपापल्या घरात मोठ्याने म्हणावी. प्रत्येक घरात ती तालातच ऐकू येते.