पोत्यांवरून ऊस

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझे फिजिक्सचे क्लास आहेत. तारे कशाचे बनतात, असं विचारलं की पोरं एका सुरात 'हायड्रोजन' म्हणतात. बरोबरच आहे. पण तारा जन्मतो त्या ढगातला हायड्रोजन रेणूंच्या रूपात, उणे २६० अंशांच्या आसपास गारठलेला असतो. रेणूतले दोन्ही अणू सारखेच, विद्युतभार कुणा एकाकडे झुकत नाही. एवढ्या थंडीत असा रेणू रेडिओ लहरी जवळपास सोडतच नाही. मुख्य कच्चा मालच दिसत नाही, तर मोजायचा कसा?

त्याच ढगात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजनच्या साधारण दहा हजार रेणूंमागे एखादा. तो फिरता फिरता २.६ मिलिमीटरच्या लहरी सोडतो. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी १९७० मध्ये त्या अवकाशातून पहिल्यांदा टिपल्या. आता त्याची चमक मोजायची, तिला एका आकड्यानं गुणायचं आणि हायड्रोजनचं वजन सांगायचं, ही रीत.

गोम त्या आकड्यात आहे. कोल्हापूरकराला ती फार समजावावी लागत नाही. गोदामातल्या साखरेच्या पोत्यांवरून ऊस किती गाळला हे काढायचं, तर उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते ते, ठाऊक हवा. आमच्याकडचा उतारा बाराच्या आसपास. तोच मराठवाड्यातल्या कमी उताऱ्याच्या कारखान्याला लावला तर ऊस कागदावर कमी भरणार. दीर्घिकांचंही तेच. आकाशगंगेचा 'उतारा' कार्बन-ऑक्सिजन कमी असलेल्या छोट्या दीर्घिकेला लावला, की हायड्रोजन आहे त्याहून बराच कमी निघतो. शोधनिबंध हातात आला की मी निष्कर्षाआधी हा आकडा कुठला धरलाय ते बघतो.

२०१० मध्ये लिंडा टाकोनी आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच आल्प्समधल्या दुर्बिणींनी आठ ते अकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिका तपासल्या. वस्तुमानातला रेणुरूप वायूचा वाटा आजच्या मोठ्या सर्पिल दीर्घिकांच्या तीन ते दहा पट निघाला. तारे मात्र इतक्या झपाट्यानं बनत होते, की अब्जभर वर्षांत तो साठा आटला असता. मग भर कुठून पडत होती?

इथे आपलं खोडद येतं. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. जवळून पाहिलं तर पत्रा कुठेच नाही, स्टीलच्या बारीक तारांची जाळी. पलीकडचं आभाळ दिसतं, वारा आरपार जातो. लांब लहरी ही जाळी अडवते, मिलिमीटरच्या लहरी भोकांतून निसटतात. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचं काम चिलीत पाच हजार मीटर उंचीवर बसलेल्या 'अल्मा'सारख्या दुर्बिणींचं. खोडदला दिसतो तो अणुरूप हायड्रोजन, ज्यातून पुढे रेणू बनतात. त्याची २१ सेंटिमीटरची लहर आठ अब्ज वर्षांच्या प्रवासात ताणून दुपटीच्या आसपास होते.

एकट्या दीर्घिकेचा संदेश फारच क्षीण. म्हणून पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतले आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले के. एस. द्वारकानाथ व शिव सेठी यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून सरासरी काढली. २०२० मध्ये ते 'नेचर'मध्ये आलं. अणुरूप साठाही एक-दोन अब्ज वर्षांपुरताच निघाला. बाहेरून पुरेसा वायू येईना, तशी ताऱ्यांची निर्मिती मंदावली, असं त्यांचं म्हणणं.

जीएमआरटीच्या पुढच्या, ५१० तासांच्या निरीक्षणांत तर त्या काळी अणुरूप वायूचं वजन तारे आणि रेणुरूप वायू यांच्या एकत्र वजनाहून जास्त भरलं. अणूंच्या मोजणीला उतारा फारसा लागत नाही, लहरीची तीव्रता जवळजवळ थेट अणूंची संख्या सांगते. ताजव्याच्या दुसऱ्या पारड्यातले रेणू मात्र अजून उताऱ्याच्याच भरवशावर आहेत.