वर्ग संपल्यानंतरची बाग

आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीच्या चौकात उतरणाऱ्या नव्या माणसाला, येथे कधी काळी शेते होती, असे सांगितले तर ते खरे वाटणे कठीण. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिघीकडून याच वाटेने पुण्यात येते. उरलेले वर्षभर येथे वाहनांचीच वारी चालू असते. कळस, धानोरी, लोहगाव ही आसपासची नावे मूळची गावांची. त्या शिवारांवर आता सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत. परंतु शेत गेले म्हणून माणसातला शेतकरी एका पिढीत नाहीसा होत नाही. मान वर करून पाहिले तर सज्जासज्जांतून तुळस, गवती चहा, कढीपत्ता, जास्वंद डोकावताना दिसतात. बैठ्या वस्त्यांतून रंगाच्या रिकाम्या डब्यांत ओवा आणि अळू वाढत असतात. जमीन सुटली तरी मातीची ओढ सुटलेली नाही, याचीच ही साक्ष होय.

दुर्दैवाने या कुंड्यांचे आयुष्य अल्प असते. पहिल्या पावसाबरोबर हौसेने आणलेले रोप दिवाळीपर्यंत कसेबसे तग धरते आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात मान टाकते. रिकामी कुंडी कोपऱ्यात सरकविली जाते आणि ‘आपल्या हाताला झाड लागत नाही’ असा निष्कर्ष काढून कुटुंब मोकळे होते. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. हाताचा दोष क्वचितच असतो. त्या हाताला वेळेवर मिळावयास हवी होती ती एक माहिती मिळालेली नसते.

यावर उपाय म्हणून बागकामाचे वर्ग भरतात. कृषी महाविद्यालये, रोपवाटिका आणि स्वयंसेवी संस्था असे वर्ग घेत असतात आणि त्यांना प्रतिसादही चांगला मिळतो. माती, खत आणि पाणी यांचे प्रमाण सांगितले जाते, एखादे रोप भेट मिळते आणि मंडळी उत्साहाने घरी परततात. या वर्गांचा उपयोग नाही असे कोणीच म्हणणार नाही. मात्र त्यांची एक मूलभूत मर्यादा आहे. वर्गात शिकविले जाते ते लावणीचे. अडचण उभी राहते ती लावणीनंतर तीन महिन्यांनी. तोवर वर्ग संपलेला असतो, शिक्षक दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि टिपणवही कपाटात बंद झालेली असते.

अडचणी कोणाला विचाराव्यात?

या अडचणी किती साध्या आणि किती स्थानिक असतात, हे पाहण्यासारखे आहे. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा संकल्प अनेक घरांत होतो. पंधरा दिवसांत पिंपाला दुर्गंधी येते, अळ्या होतात, शेजारी तक्रार करतात आणि संकल्प बारगळतो. कारण अगदी साधे असते. भाजीची देठे आणि साली यांत पाणी व नत्र अधिक, कर्ब कमी. त्यांच्या जोडीला सुका पालापाचोळा भरपूर घातला नाही तर आत हवा खेळत नाही आणि कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाने सुके घालावे, वरचेवर हलवावे, मुठीत दाबल्यास ओल लागावी पण पाणी गळू नये, एवढे कळले की पिंप सुधारते. पण हे कळावयाचे कोठे?

गच्चीचे उदाहरण तर याहून गंभीर आहे. ओल्या मातीचा पंधरा सेंटिमीटर जाडीचा थर दिला तर दर चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या आसपास भार पडतो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला वापरभार चौरस मीटरला साधारण दीडशे किलोंचा आहे. म्हणजे शेतातली माती उचलून गच्चीवर पसरणे, हे बागकाम नसून इमारतीवर केलेला अन्याय ठरतो. पालापाचोळा, उसाचे चिपाड, नारळाच्या शेंड्या यांपासून झालेले हलके खत वापरले आणि वजनदार कुंड्या तुळई व भिंतींच्या रेषेवर ठेवल्या, तर हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कोठे गळती होते, कोठे भांडणे होतात आणि मग सोसायटीची कार्यकारिणी सरसकट बंदीचा ठराव करते. सामाईक गच्ची कोणा एका सदनिकाधारकाच्या मालकीची नसते. त्यामुळे त्या ठरावापुढे हौशी माणसाचा इलाज चालत नाही.

तसेच डासांचे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा डास अंडी घालतो आणि उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत नवा डास उडू लागतो. आठवड्यातून एकदा ताटल्या कोरड्या करणे एवढाच त्यावरचा उपाय. पण तो एका घराने करून भागत नाही, सगळ्या मजल्यांनी करावा लागतो. थोडक्यात, घरची बाग ही दिसते खासगी, पण तिचे प्रश्न सार्वजनिक असतात. म्हणूनच तिला वर्गापेक्षा बैठकीची, दर महिन्याला ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी भरणाऱ्या शेजाऱ्यांच्या मंडळाची गरज अधिक आहे.

प्रदर्शन आणि प्रयोग

पुण्याला उद्यानप्रेमाची परंपरा नाही असे नाही. ‘ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था १८३० मध्ये स्थापन झाली. तिच्या व्यवस्थेखालील एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पाहण्यास सारे शहर लोटते. अशा प्रदर्शनांनी अभिरुची घडविली, नव्या जाती लोकांपुढे आणल्या, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही प्रदर्शनात येते ती जिंकणारी कुंडी. तिच्यामागे मेलेल्या दहा कुंड्यांची हकीकत तेथे कोणी मांडत नाही, आणि शिकणाऱ्याला खरी गरज असते ती त्या दहांच्या हकीकतीची.

ही गरज ज्यांनी नेमकी ओळखली ते श्रीपाद अच्युत दाभोलकर. कोल्हापूरच्या बाजूचे हे गणिताचे प्राध्यापक. शेतीशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. शेतकऱ्याने केवळ सल्ला घेणारा न राहता स्वतः प्रयोग करणारा व्हावे, आपली निरीक्षणे नोंदवावीत आणि ती दुसऱ्या प्रयोगकर्त्यांपुढे ठेवावीत, या विचारातून त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांनी एकमेकांच्या बागेत जाऊन, चुका आणि यश दोन्ही उघड बोलून जी प्रगती केली, तिच्यात या परिवाराचा वाटा मोठा मानला जातो. १९८५ मध्ये दाभोलकरांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचे ‘प्लेन्टी फॉर ऑल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये ते निवर्तले. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत सन्मानाने जगता यावे, हे त्यांचे गणित होते. त्या गणितात पदवीला स्थान नव्हते, नोंदवहीला होते.

शहरातील बागेलाही हा मार्ग लागू पडतो, हे मुंबईने दाखविले. डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड, खत आणि थोडी माती यांवर गच्चीत भाजी व फळे पिकविण्याची पद्धत बसविली आणि ती इतरांना शिकविली. त्यापासून स्फूर्ती घेऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास उपाहारगृहाच्याच गच्चीवर बाग उभी केली. रोजचा खरकटा आणि भाजीचा कचरा बाहेर न पाठवता तेथेच जिरवावा, हा त्यामागचा हेतू. पुढे त्यांच्या ‘अर्बन लीव्ह्ज’ या गटाने स्वयंसेवकांना एकत्र करून दाभोलकरांच्या विचारातील ‘अमृत मिट्टी’ शहरातल्या गच्च्यांवर नेली. एका माणसाची हौस दुसऱ्याची आणि दुसऱ्याची हौस समूहाची झाली ती अशी. त्यात सभागृहातल्या व्याख्यानापेक्षा एकत्र हात मळविण्याचा भाग अधिक होता.

फुरसतीचा छंद की नागरी गरज?

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. महागाईने आणि प्रवासाने पिचलेल्या शहरात कुंड्यांची चर्चा म्हणजे गच्ची असलेल्या निवृत्तांचा छंद, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. सज्जातल्या बागेवर कुटुंबाचे पोट भरेल, असे सांगणारे प्रचारक तर या चळवळीचे नुकसानच करतात. दाभोलकरांच्याच हिशोबाने, चांगल्या उन्हात एक चौरस फूट पान दिवसाला सुमारे तीन ग्रॅम सुके द्रव्य तयार करते. ज्या सज्जात जेमतेम तीन-चार तास ऊन येते, तेथे यातून काय निघणार, हे ज्याचे त्याने ताडावे. कोथिंबीर, मेथी, मिरच्या, कढीपत्ता यांपलीकडे फारशी अपेक्षा करू नये.

परंतु नागरी दृष्ट्या या बागेचे मोल पिकात मोजावयाचे नसून कचऱ्यात मोजावयाचे आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला आणि तेथील ग्रामस्थांना त्याविरुद्ध पुनःपुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. एका गावाची शेती व विहिरी नासवून दुसऱ्या गावाने स्वच्छ राहावे, ही गोष्ट न्यायाला धरून नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा आवारातच जिरविण्याचे बंधन घातले आणि उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय यांसारख्या प्रकल्पांसाठी पुणे महानगरपालिकेने मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलतही ठेवली. ही धोरणे योग्य आहेत. पण कर सवलतीने खड्डा बांधला जातो. खत होत नाही. खत करणारा माणूस लागतो, झालेल्या खताला बाग लागते आणि दोघांनाही अडल्यावेळी विचारण्याजोगा शेजारी लागतो. धोरणातली ही तिसरी कडी आज गाळलेली आहे.

ती जोडण्यास खर्च फार नाही. विश्रांतवाडीसारख्या प्रत्येक विभागात महापालिकेची शाळा आहे. तिच्या मैदानाचा एक कोपरा महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास खुला करावा. तेथे बियाण्यांची देवाणघेवाण व्हावी. सामाईक खुरपी, कात्र्या आणि झाऱ्या ठेवाव्यात. एक नोंदवही असावी. कोणत्या आठवड्यात काय पेरले, किती ऊन मिळाले, काय साधले, काय बुडाले, हे तिच्यात लिहावे. तीन वर्षांत ती वही या हवामानाचे, या मातीचे आणि या इमारतींचे असे पुस्तक होईल, की जे कोणत्याही दुकानात मिळणार नाही. शाळेतील मुलांना विज्ञानाचा याहून चांगला तास कोणता?

शिकविणार कोण, हाही प्रश्न अवघड नाही. महापालिकेच्या उद्यान विभागातील माळी कलम बांधतो, छाटणी करतो, मावा आणि पिठ्या ढेकूण दुरून ओळखतो. पण त्याला शिक्षक म्हणून कोणी खुर्ची दिलेली नाही. ती द्यावी आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. बैठ्या वस्तीत राहणारी, गावाकडे शेती केलेली आजी बी केव्हा भिजवावे आणि वेल केव्हा खुडावा, हे सांगू शकते. तिला गच्ची नाही म्हणून तिचे ज्ञान वाया जावे काय? मंडळ जर केवळ गच्चीवाल्यांचे राहिले, तर वरील आक्षेप खरा ठरेल. ते मैदानात भरले आणि मैदानातला वाफा सर्वांचा असला, तर रंगाच्या डब्यात ओवा लावणारेही त्यात बरोबरीने बसतील.

ही मागणी भाबडी वाटत असेल तर इंग्लंडचे उदाहरण पाहावे. तेथील १९०८ च्या कायद्याने भूमिहीन नागरिकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे पुरविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. सहा मतदारांनी एकत्र येऊन मागणी केली तरी संस्थेला तिचा विचार करणे भाग पडते. पुण्यात जमिनीचा भाव पाहता तुकडे मागणे व्यवहार्य नाही. परंतु महिन्यातून दोन तास आणि शाळेचा एक कोपरा मागण्यास सहा मतदार विश्रांतवाडीत मिळू नयेत, असे नाही.

वर्ग भरावेत, प्रदर्शनेही व्हावीत. पण सुकलेली कुंडी उराशी धरून निःसंकोचपणे जाता येईल आणि ‘माझेही असेच झाले होते’ असे म्हणणारा शेजारी जेथे भेटेल, अशी जागा शहरात असली पाहिजे. शेते गेली, ती परत येणार नाहीत. शेतकऱ्यांचे बांधावरचे बोलणे मात्र परत आणता येईल. त्यासाठी दर रविवारी उघडणारे शाळेचे एक फाटक पुरे आहे. ते कोणी उघडावयाचे, एवढेच ठरावयाचे राहिले आहे.