कोपराच्या दुखण्यावर ओझ्याचं औषध

2004 च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघ हॉलंडला गेला असताना सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराने दगा दिला आणि ‘टेनिस एल्बो’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरात नागपूरच्या मैदानावर श्रीलंकेविरुद्ध 93 धावा काढून तो परतला, तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला. पण हे दुखणं फक्त खेळाडूंचं नाही. सुतार, रंगारी आणि प्लंबर यांना ते गाठतं, तसंच दिवसभर माऊस धरणाऱ्यांना आणि रोज बादलीभर कपडे पिळून वर पोळ्यांची कणीक मळणाऱ्या बायकांनाही. शंभर प्रौढांमागे एक ते तीन जणांना ते होतं, बहुधा पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. मनगट आणि बोटं मागे उचलणारे स्नायू तिथून निघतात. त्यांना हाडाशी बांधून ठेवणारी चिवट पट्टी म्हणजे कंडरा. आता वस्तू धरताना बोटं तर आत मिटतात, मग ताण या मागच्या स्नायूंवर का यावा? करून पाहा. मनगट पूर्ण आत दुमडा आणि मूठ आवळा. पकड ढिली पडते. मूठ घट्ट बसायची तर मनगट किंचित मागे झुकलेलं लागतं, आणि ते तसं रोखून धरायचं काम याच स्नायूंकडे असतं. म्हणजे आपण जितक्या वेळा काही घट्ट धरतो, तितक्या वेळा त्या इवल्याशा जागेवर ओढ बसते. म्हणूनच दुधाचं पातेलं उचलताना, कुलूप उघडताना, कधी नुसता हात मिळवतानाही तिथून कळ निघते.

ही सूज आहे, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. 1979 मध्ये रॉबर्ट निर्शल आणि फ्रँक पेट्रोन या अमेरिकन शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांबद्दल लिहिलं, तेव्हा चित्र वेगळंच निघालं. सूज आली की ज्या पेशी जमतात, त्या तिथे जवळपास नव्हत्या. होते ते विस्कटलेले तंतू आणि भलत्या ठिकाणी फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. कंडरा झिजली होती आणि तिची डागडुजी अर्ध्यावर राहिली होती.

ही डागडुजी संथ का चालते, याचा एक धागा डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये दिला. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि मग हळूहळू उतरला. त्याचं प्रमाण शरीरातल्या ऊतींत मोजलं, तर त्या केव्हा घडल्या हे कळतं. टाचेच्या वरच्या कंडरेत त्यांनी ते मोजलं. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही, असं दिसलं. कोपराची कंडरा वेगळी आहे, पण जात तीच. तिच्याकडून आठवड्याभरात बरं होण्याची अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि घाई नेमकी तिथेच नडते. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की काही दिवसांत दुखणं उतरतं, माणूस खूश होऊन पुन्हा पूर्ववत कामाला लागतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला 165 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांची सरशी होती. वर्षभराने पारडं फिरलं. स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 83 टक्के बरे किंवा बऱ्यापैकी सुधारलेले होते, तर औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 96 टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण एकीकडे 54 टक्के, दुसरीकडे 12. एवढं समोर असताना पहिल्याच भेटीत हे इंजेक्शन टोचणं मला मुळीच पटत नाही. रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या महागड्या इंजेक्शनांचाही म्हणण्यासारखा फायदा एकत्रित आढाव्यांत दिसलेला नाही. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

मग करायचं काय? पूर्ण विश्रांतीने स्नायू आणखी दुबळे होतात. कंडरेला बळ येतं ते बेताबेताने वाढवलेल्या ओझ्याने. टेबलावर हात कोपरापासून पुढे असा टेकवा की मनगट कडेबाहेर राहील आणि तळवा जमिनीकडे. हातात पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे साधारण अर्धा किलो. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर उचला, आधार सोडा आणि चार-पाच सेकंद घेत सावकाश खाली आणा. असं दहा-पंधरा वेळा, थोडं थांबून एकूण तीनदा. थोडं दुखलं तर चालेल, मात्र ते दुसऱ्या दिवसापर्यंत निवलं पाहिजे; नाही निवलं तर वजन कमी करा. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली झाली तर उत्तम, आणि निदान तीन महिन्यांची चिकाटी हवी. दरम्यान ओझं उचलताना तळवा वरच्या दिशेला आणि कोपर अंगाजवळ ठेवलं, कपडे पिळायचं काम दुसऱ्या कोणी घेतलं, तर तेवढाच ताण वाचतो. (घरातल्या बाकीच्यांनी ते घ्यावंच.)

दहापैकी आठ-नऊ जण वर्षभरात बरे होतात. पण पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, सांधा सुजून लाल झाला असेल, ताप असेल, बोटं बधिर होत असतील किंवा मानेपासून कळ येत असेल, तर मामला वेगळा असू शकतो. तेव्हा व्यायाम न करता आधी डॉक्टरांना दाखवा. आणि इंजेक्शनचा विषय निघालाच, तर त्याने वर्षभरानंतर काय होईल, हे त्यांना जरूर विचारा.