क्रॉसबोचा नेम आणि हरणाचे कान

अमेरिकेतील अनेक राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार ठरावीक हंगामात क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेल्या आडव्या धनुष्याने, करण्यास परवानगी आहे. सेकंदाला सुमारे 120 मीटर वेगाने सुटलेला बाण 50 मीटर अंतर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे सुटतानाच्या सरळ रेषेपेक्षा सुमारे 85 सेंटिमीटर खाली येतो. म्हणून दुर्बिणीत निरनिराळ्या अंतरांसाठी एकाखाली एक खुणा असतात, आणि 53 मीटरवरच्या हरणावर 50 मीटरची खूण धरल्यास बाण पाच-सहा सेंटिमीटर खाली लागत असल्याने लेसर अंतरमापक जवळजवळ अपरिहार्य ठरतो.

दोरी हाताने ताणताना एका बाजूला थोडी जास्त ओढली गेली, तर बाणाला तिरकस रेटा मिळून तो दरवेळी वेगळ्या जागी लागतो. यावर उपाय म्हणून दोन्ही बाजू सारख्या खेचणारी, आकडे लावलेली दोरी वापरतात. बाणही एकाच वजनाचे असावे लागतात, आणि रुंद पात्याचे टोक वाऱ्यामुळे बाणाची दिशा बदलू शकत असल्याने सराव त्याच टोकाने करणे हिताचे असते.

तथापि, अचूकतेची खरी मर्यादा धनुष्यात नसून हरणात असते. दोरी सुटल्याचा आवाज 50 मीटरवर 0.15 सेकंदात पोहोचतो, तर बाणाला 0.4 सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत दचकलेले हरीण उसळी घेण्यासाठी अंग खाली झुकवते आणि अचूक नेमही वर जाऊन चुकतो किंवा प्राणी केवळ जखमी होतो. त्यामुळे कागदी लक्ष्यावर साधणारे अंतर जिवंत प्राण्यासाठी योग्य मानता येत नाही.