लेण्यांचा डोंगर आणि डोंगरातली माणसे

पुरातत्त्व हे शास्त्र आहे. मात्र कोणाच्या भूतकाळाला 'वारसा' म्हणायचे आणि कोणाच्या भूतकाळाला 'चालीरीत' म्हणून बाजूला सारायचे, हा निर्णय शास्त्र घेत नसते. तो समाजातील सत्ता घेत असते. अलीकडे जगातील काही देशांत मूलनिवासी समाजांना सोबत घेऊन वारशाची पाहणी करण्याची पद्धत रूढ होत आहे. धरण, खाण किंवा रस्ता होण्यापूर्वी त्या भूमीवर काय आहे याची तपासणी तज्ज्ञ करतात आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी त्या तपासणीत भागीदार असतात. ही भागीदारी म्हणजे नेमके काय, ती कोठे खरी असते आणि कोठे नुसते सोंग असते, हे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात समजून घेण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे. हा प्रश्न आदिवासींचा आहे, तसाच तो आपलाही आहे. का, ते शेवटी पाहू.

१

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री आणि तुळजा असे त्यांचे प्रमुख गट. तुळजा लेण्यातील बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह तर दुर्मिळच. घाटाच्या तोंडाशी नाणेघाट आहे. कोकणातील बंदरांकडून येणारा माल याच वाटेने वर चढे. तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले आणि दक्षिणा म्हणून गाई, घोडे, कार्षापणे किती दिली, याची ती राजघराण्याची जंत्री आहे.

लेण्यांतील लेख वेगळी भाषा बोलतात. तेथे धान्य-व्यापाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान देते. इरिल नावाचा यवन दोन पोढ्या देतो, चिट नावाचा यवन भोजनमंडप देतो. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप देतो. एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीची नोंद आहे. ज्या बुरुडाला पुढच्या समाजरचनेने गावाच्या कडेला ढकलले, त्याच्या व्यवसायाची श्रेणी त्या काळी लोकांच्या ठेवी सांभाळण्याइतकी विश्वासार्ह होती! वर्णव्यवस्थेचे समर्थक ही जातरचना अनादि असल्याचे सांगतात. जुन्नरचा दगड त्यांना खोटे पाडतो.

हे लेख वाचले गेले, हे मोठेच काम झाले. १८२८ मध्ये साइक्सने नाणेघाटाची नोंद केली. १८८१ मध्ये बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या परिसरात दीर्घकाळ काम केले. कुकडीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली. म्हणजे येथील मानवी वस्तीची कथा सातवाहनांच्याही फार मागे जाते.

२

मग न वाचलेले काय राहिले?

शक अदुथुमाच्या लेखात वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी दिल्याची नोंद आहे. ती जमीन कसणारे कोण होते? डोंगर फोडण्यासाठी रान कोणी तोडले, घाटवाटा कोणी दाखवल्या, वाटेची राखण कोणी केली? लेखांत त्यांचे नाव नाही. दान देणाऱ्याचे नाव कोरले जाते, श्रम करणाऱ्याचे कोरले जात नाही. हा नियम त्या काळीही होता.

आज या डोंगरांत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी राहतात. हेच लोक दोन हजार वर्षांपूर्वीच्या रानकऱ्यांचे थेट वंशज आहेत, असा दावा करण्याची गरज नाही. त्यांच्याजवळ या भूमीचे जे ज्ञान आहे, ते दुसऱ्या कोणाजवळ नाही, एवढे म्हणणे पुरेसे आहे. कोणत्या कड्यात बारमाही पाणी आहे, कोणत्या देवराईत कुऱ्हाड लावायची नाही, वाघबारसेला वाघोबाला नैवेद्य कोठे ठेवायचा, हिरडा गोळा करायला जुनी पायवाट कोणती, हे सारे त्यांना ठाऊक असते. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची कत्तल झाली, तिची आठवण त्या चौथऱ्याशी जोडून सांगितली जाते. पर्यटकांना किल्ल्याची जन्मकथा सांगितली जाते. चौथऱ्याची कथा विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हे ज्ञान इतिहासाचे साधन म्हणून वापरले. १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथामागे पुणे जिल्ह्यातील त्यांची पायपीट आहे. देवीची ठाणी, जुन्या वाटा आणि गारगोटीची सूक्ष्म हत्यारे यांचा संबंध त्यांनी प्रत्यक्ष चालून आणि गुराख्या-मेंढपाळांना विचारून शोधला. मानमोडीच्या प्राचीन लेखांत डोंगराचे नाव 'मानमुकुड' असे येते. भिक्षू गेले, राजवटी बदलल्या, तरी डोंगराचे आणि त्याच्या देवीचे नाव निरक्षर माणसांच्या तोंडी टिकले. जे दगडावर कोरून ठेवावे लागले, ते लोकांनी जिभेवर सांभाळले.

पण विचारणारा पुण्याचा आणि सांगणारा डोंगरातला, ही रचना बदलायला फार वेळ लागला. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी आपल्याच महादेव कोळी समाजाचा अभ्यास केला आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपद सांभाळले, ही म्हणूनच महत्त्वाची घटना आहे. अभ्यासाचा विषय असलेला माणूस तेथे अभ्यासक झाला. मात्र एक माणूस संचालक होणे आणि प्रत्येक वाडीला अधिकार मिळणे यांत अंतर आहे.

३

हे अंतर किती महागात पडते ते आंबेगावात दिसते. आज तालुक्याचे नाव आंबेगाव, मुख्यालय घोडेगाव. मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. १९३० मध्ये मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवे होऊन मरण पत्करणारे हे कामगार याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे. त्यांच्या नावाच्या पाण्याखाली महादेव कोळ्यांची गावे गेली. जुन्नरकडे माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव ही कुकडी प्रकल्पाची आणखी धरणे आहेत. पाणी खालच्या बागायतीला गेले. उन्हाळ्यात ते उतरते, तेव्हा जुन्या आंबेगावच्या बांधकामांचे अवशेष वर येतात.

त्या वेळी जमीन घेतली जाई ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. या कायद्याला जमीन, घर, विहीर आणि झाड यांची किंमत करता येत होती. गावदेवाचे ठाणे, पूर्वजांचे दगड, नदीच्या डोहांची नावे यांची किंमत त्याच्या कोष्टकात नव्हती. जे कोष्टकात नाही ते बुडाले तरी नुकसान झाल्याची नोंद होत नाही. आदिवासींच्या वारशाचा ऱ्हास असा नोंद न होता घडतो.

४

हाच प्रश्न ऑस्ट्रेलियात कसा हाताळला गेला, ते पाहण्यासारखे आहे. तेथे आदिवासींच्या स्थळांचा विचार न करता शहरे, शेते आणि खाणी वाढल्या. संघर्षानंतर कायदे झाले. व्हिक्टोरिया राज्याच्या २००६ च्या कायद्याने आदिवासींच्या नोंदणीकृत संस्थांना अधिकार दिला. मोठ्या प्रकल्पासाठी लागणारा वारसा-व्यवस्थापनाचा आराखडा त्यांच्यापुढे येतो आणि तो मान्य करायचा की फेटाळायचा हे त्या ठरवतात. पुरातत्त्व सल्लागार खोदकामाच्या जागी त्यांच्या प्रतिनिधींसोबत काम करतात.

परंतु याच देशात दुसरे उदाहरणही घडले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जूकन घळीत ४६,००० वर्षांपूर्वीपासून मानवी वावर असलेला शैलाश्रय होता. १९७२ च्या राज्य कायद्याच्या कलम १८ खाली २०१३ मध्ये मंत्र्यांनी रिओ टिंटो कंपनीला परवानगी दिली. पुढच्या वर्षी तेथील उत्खननात मानवी केसांची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची वेणी सापडली आणि तिचे नाते आजच्या पुटू कुंती कुरामा व पिनिकुरा लोकांशी जुळले. तरीही मे २०२० मध्ये लोहखनिजासाठी ती जागा सुरुंगाने उडवण्यात आली. पाहणी झाली होती, अहवाल होते, मूळ रहिवाशांशी बोलणीही झाली होती. कायद्याने त्यांना अपिलाचा हक्क मात्र दिला नव्हता.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. नाही म्हणण्याचा अधिकार नसेल तर सल्लामसलत म्हणजे विध्वंसाची आगाऊ नोंद. वारसा-सल्लागाराचे मानधन प्रकल्प उभारणारा देतो, हेही विसरता येत नाही. ज्याच्या हातचे मीठ खायचे त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिणे सोपे नसते.

५

आपल्याकडे या संदर्भात कायदे आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा स्मारकाचे रक्षण करतात. केंद्रीय कायद्यात स्मारक घोषित करण्यापूर्वी राजपत्रात सूचना काढून दोन महिन्यांत हरकती मागवल्या जातात. राजपत्र वाडीवर कोण वाचतो? २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरांत नियंत्रण आले. स्मारकाजवळच्या घराला कायद्याने अडवले. घरातल्या माणसाला रक्षणात वाटा मात्र दिला नाही.

दुसरीकडे १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास सक्षम मानतो. जुन्नर आणि आंबेगावची पश्चिमेकडील आदिवासी गावे १९८५ च्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात आहेत. २००६ चा वनहक्क कायदा कलम ५ मध्ये आणखी पुढे जातो. आदिवासींच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधक ठरणाऱ्या विध्वंसक कृतींपासून त्यांच्या वसतिस्थानाचे रक्षण करण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. हा अधिकार कागदावरचा नाही, हे ओडिशातील नियमगिरीने सिद्ध केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. डोंगर हा आमचा देव आहे, ही भूमिका तेथे कायद्याच्या भाषेत मांडली गेली आणि टिकली.

जुन्नरला हे आजच का सांगायचे? २०१८ मध्ये शासनाने हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. २०२५ मध्ये शिवनेरी इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. आता रस्ते, वाहनतळ, निवासगृहे येतील. भीमाशंकरचे रान १९८५ मध्ये अभयारण्य झाले, तेव्हा रानात राहणाऱ्या माणसाला अतिक्रमक समजण्याची दृष्टी आली. वारशाच्या नावाने ती पुन्हा येऊ द्यायची काय?

६

भागीदारीच्या किमान अटी अशा असाव्यात. पाहणीला ग्रामसभेच्या ठरावाने सुरुवात व्हावी. त्या सभेत पाटील-सरपंचांबरोबर स्त्रिया, ठाकरवाडी, कातकरीवाडी आणि बौद्धवस्तीही असावी, कारण आदिवासी गावातही उतरंड असते. वाट दाखवणाऱ्याला आणि माहिती सांगणाऱ्याला मजुरी मिळावी, आणि त्याची संमती असेल तर अहवालात त्याचे नाव यावे. जे ठाणे गावाला गुप्त ठेवायचे आहे, ते नकाशावर येऊ नये. अहवाल मराठीत लिहिला जावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीत व आश्रमशाळेत राहावी. आणि ग्रामसभेने नकार दिला तर तो नकार अंतिम मानला जावा. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना यासाठी कोणाची परवानगी हवी असे नाही. प्रत्येक गावाची पाणवठे, पायवाटा, ठाणी आणि देवराया यांची नोंदवही ग्रामसभेच्या संमतीने आजच सुरू करता येते.

शेवटी आपल्याबद्दल. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर लेणी आपल्यासाठी केवळ प्राचीन शिल्प राहिली नाहीत. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मजाची पूजा चालते. ते मूळचे बौद्ध विहार आहे, हे सत्य आपण ठामपणे सांगतो आणि सांगत राहिले पाहिजे. पण त्याच डोंगरावर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड दिसला की त्याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावायचे, आणि बौद्ध नसलेले सारे नंतरचे म्हणून निकालात काढायचे, ही प्रस्थापितांचीच रीत आपण उचलली असे होईल. डोंगराला 'मानमुकुड' हे नाव कोणी दिले, हे लेण्यातला लेख सांगत नाही. श्रद्धेची चिकित्सा अवश्य करावी. ती करताना ज्याची श्रद्धा आहे त्याचा भूमीवरील हक्क आधी मान्य करावा.

बांबूवाल्यांची श्रेणी दगडावर नाव ठेवून गेली म्हणून आपण आज तिचा अभिमान बाळगू शकतो. ज्यांचे नाव दगडावर नाही, त्यांच्या वाडीवर जाऊन, त्यांच्या शेजारी बसून ते लिहून घेण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे. पावसाळ्यानंतर वाटा मोकळ्या होतात. प्रत्येक महाविद्यालयीन गटाने एक गाव घ्यावे आणि ग्रामसभेपासून सुरुवात करावी.